मुक्या जनावराचं दुखणं कसं कळतं?

मुलांनो, आपलं पोट दुखलं की आपण आईला सांगतो. डॉक्टर विचारतात, "कुठं दुखतं रे?" आपण बोट ठेवून दाखवतो. कुत्रा, मांजर, बकरी यांना हे जमत नाही. मग ढोरांच्या दवाखान्यातले डॉक्टर रोग ओळखतात तरी कसा? हा प्रश्न वर्गात पुष्कळदा निघतो. म्हणून आज मी त्याविषयी लिहितो.

कुत्र्याच्या अंगाला हात लावला आणि ते गरम लागलं, म्हणजे ताप आहे असं समजू नका. निरोगी माणसाचं अंग ९८ ते ९९ अंश फॅरनहाइट असतं. कुत्र्या-मांजराचं १०१ ते १०२ अंशांच्या आसपास असतं. कोंबडीचं तर १०६ च्या जवळपास! म्हणून डॉक्टर हातावर विसंबत नाहीत. ते शेपटीखाली, गुदद्वारात, थर्मामीटर लावतात. नाडीसुद्धा ते पाहतात. कुत्र्याची नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला लागते, गाय-बैलाची शेपटीच्या मुळाशी. मग हिरड्या आणि डोळे पाहतात. हिरडी गुलाबी असली तर बरं. पांढरट असली तर रक्त कमी झालेलं असतं. पिवळी असली तर कावीळ असू शकते.

एवढ्यानं उलगडा झाला नाही, तर रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. गोचीड चावल्यानं कुत्र्याला एक प्रकारचा ताप येतो. त्या रोगाचे बारीक जंतू रक्ताच्या तांबड्या पेशींत बसलेले दिसतात. शेण किंवा विष्ठा तपासली तर जंतांची अंडी दिसतात. गोचीड केवढीशी, पण कुत्र्याचा जीव घेऊ शकते. म्हणून ती अंगावर राहू देऊ नये.

यापुढची पायरी यंत्रांची. क्ष-किरणांचा शोध राँटजेन या शास्त्रज्ञानं १८९५ साली लावला. त्यानं मोडलेलं हाड किंवा गिळलेली सुई दिसते. सोनोग्राफीत आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडतात. तो आतल्या अवयवांवर आपटून परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटतं. कुत्रीच्या पोटात पिल्लं आहेत का, मूत्राशयात खडा आहे का, हे त्यात कळतं. सी.टी. स्कॅनमध्ये चहूबाजूंनी क्ष-किरणांची चित्रं घेऊन संगणक ती जुळवतो. एम.आर.आय.मध्ये मोठं चुंबक असतं, त्यानं मेंदू आणि मणक्यातली मज्जा नीट दिसते. पण या यंत्रांत अगदी निपचित पडावं लागतं. कुत्र्याला "हलू नको" म्हणून भागत नाही, म्हणून आधी भूल देतात.

ही सारी यंत्रं गावच्या दवाखान्यात नसतात. आपल्या खामगावाच्या पलीकडं अकोला लागतं. तिथं पशुवैद्यकांचं उच्च शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे. नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मुंबईला परळचं महाविद्यालय तर १८८६ सालचं. आणि २०२४ साली मुंबईतच महालक्ष्मीला टाटा ट्रस्टनं कुत्र्या-मांजरांसारख्या लहान प्राण्यांसाठी पाच मजली रुग्णालय उघडलं. सी.टी. स्कॅन, एम.आर.आय. ही यंत्रं तिथं आहेत.

मलकापूर किंवा शेगावहून रेल्वेनं मुंबईला जाता येतं, पण आजारी कुत्र्याला इतक्या दूर कोण नेणार? असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंच आहे. म्हणूनच जवळच्या दवाखान्यात वेळेवर जाणं फार मोलाचं. तिथं डॉक्टर आधी यंत्र काढत नाहीत, आधी विचारतात. कधीपासून खात नाही? पाणी पितो का? उलटी झाली का? लघवी होते का? लस कधी टोचली? घरच्या जनावराजवळ जास्त वेळ तुम्ही लेकरंच असता. तेव्हा हे सांगणारं त्याचं तोंड तुम्हीच! नीट पाहून ठेवा, तारखा वहीत लिहा.

घरगुती इलाज मात्र करू नका. तापलेल्या सळईनं डाग दिला की जनावराला आजार राहतो तो राहतोच, वर भाजल्याची जखम होते. मांजराला माणसाची तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, हे तर विषच. मांजराच्या शरीराला ती पचवता येत नाही. एका गोळीनंही ते मरू शकतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. एक रोग असा आहे, की जिवंत कुत्र्यात तो खात्रीनं दाखवील असं यंत्र कुठंच नाही, मुंबईतही नाही. तो म्हणजे पिसाळण्याचा रोग, रेबीज. त्याची खात्री कुत्रा मेल्यावर मेंदू तपासूनच होते. माणसाला त्याची लक्षणं एकदा दिसू लागली, की माणूस बहुधा वाचत नाही. पण लसीनं तो टाळता येतो. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचवून घेतली आणि तो मुलगा वाचला. तुमच्याच वयाचा तो!

म्हणून कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं, तरी घरी लपवू नका. मार बसेल म्हणून गप्प राहू नका. जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. नळ नसेल तर तांब्यानं सारखं पाणी ओता. हळद, मिरची, चुना काही लावू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात, पण त्यासाठी सुई थांबवायची नसते. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतात, असं म्हातारी माणसं सांगतात. ती जुनी लस कधीच बंद झाली. आता सुया दंडावर देतात आणि थोड्याच असतात. डॉक्टर सांगतील तेवढ्या मात्र पुऱ्या कराव्या.

घरच्या कुत्र्याला पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्या, आणि पुढं दर वर्षी. जनावर अडलं असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकीय मदत मागता येते, पैसे पडत नाहीत. हा क्रमांक आज घरी जाऊन भिंतीवर लिहून ठेवा आणि आईबाबांना वाचून दाखवा.