वाटा सर्वांना सारखा : मटणाचा 'पाय' घरच्या घरी

रविवारी मटण आले की पावसकडच्या घरांत वाटण भाजल्याचा वास शेजारच्या चार घरांत जातो. मटण अर्धा किलो, खाणारी तोंडे सहा. आधी कर्त्या पुरुषाचे ताट, मग मुंबईहून आलेला चाकरमानी, मग मुलगे. घरची बाई आणि थोरली मुलगी शेवटी बसतात, तेव्हा टोपात रस्सा आणि दोन हाडे उरलेली असतात. त्याविषयी कुणी काही बोलत नाही. ती बाईसुद्धा नाही.

म्हणून भगिनींनो, आज असा पदार्थ सांगते की जो वाढताना सहा सारखे तुकडे पाडावेच लागतात. इंग्रजीत त्याला 'पॉट पाय' म्हणतात. बकऱ्याच्या पायांच्या सूपाशी याचा काही संबंध नाही. मसाल्यात शिजलेले मटण भांड्यात भरायचे, वर करंजीच्या पारीसारखे खुसखुशीत झाकण लावायचे आणि भाजायचे. मुंबईत इराण्याकडचे खिमा पॅटिस ज्यांनी खाल्ले असेल, त्यांना ही चव परकी वाटणार नाही. इंग्लंडात कॉर्नवॉलचे कथलाच्या खाणीतले मजूर अशीच मांस-बटाटा भरलेली 'पेस्टी' शिदोरी म्हणून खाणीत नेत. तेव्हा हे साहेबाचे खाणे म्हणून बिचकू नका, कष्टकऱ्यांचेच आहे.

साहित्य : मटण अर्धा किलो, कांदे ३, बटाटे २, गाजर १, मटार अर्धी वाटी, आले-लसूण वाटण २ चमचे, घरचा मसाला २ चमचे, हळद, मीठ, तेल. पारीसाठी मैदा दीड वाटी, कणीक अर्धी वाटी, घट्ट तूप किंवा डालडा अर्धी वाटी, थंड पाणी.

कृती : कांदा तेलात लाल करून आले-लसूण, मसाला, हळद व मटण परतावे. मीठ व दोन वाट्या पाणी घालून कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर वीस मिनिटे शिजवावे. निवल्यावर हाडे काढून टाकावीत. मग बटाटे, गाजर यांच्या लहान फोडी व मटार त्यात घालून शिजवावेत. एक चमचा मैदा पाण्यात कालवून लावावा. रस्सा पिठल्याइतका दाट हवा. हे सारण पूर्ण गार होऊ द्यावे. गरम सारणावर पारी घातली तर तूप वितळते आणि झाकण चिकट होते.

मैदा, कणीक व चिमूटभर मीठ एकत्र करून त्यात तूप बोटांच्या टोकांनी चोळावे. रवाळ झाले की थोडे थोडे थंड पाणी घालून गोळा करावा. चपातीसारखे मळत बसू नये, पारी चिवट होते. ओल्या फडक्याखाली अर्धा तास थंड जागी ठेवावा.

ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड पातेल्यात जाड्या मिठाचा बोटभर थर द्यावा, त्यावर लोखंडी कडे ठेवावे आणि झाकण घालून दहा मिनिटे तापवावे. सारण स्टीलच्या पसरट डब्यात भरावे. पुरीपेक्षा जाड पारी लाटून वर घालावी, कडा दाबाव्यात, वाफ जाण्यासाठी सुरीने चार चिरा द्याव्यात. डबा कड्यावर ठेवून, पातेल्यावर झाकण व वजन ठेवून मध्यम आचेवर पाऊण तास भाजावे. चूल असेल तर झाकणावर निखारे ठेवावेत, वरची बाजू छान लाल होते. गॅसवर रंग थोडा फिका येतो, चवीला फरक पडत नाही. उतरवल्यावर पंधरा मिनिटे थांबून मगच कापावा.

मटण परवडले नाही तर कोंबडी घ्या. पूर्णगड-रनपारकडची कोळंबी मिळाली तर तीही चालेल. ती मात्र कुकरमध्ये न घालता, शिजलेल्या भाज्यांत शेवटी पाच मिनिटे परतायची.

आता वाट्याचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. मटणातले लोह शरीराला पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज मिळते, आणि ज्यांना त्याची जास्त गरज त्यांच्याच ताटात ते पडत नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, पत्नीने नवऱ्याची मैत्रीण व बरोबरीची म्हणून राहावे, गुलाम म्हणून नव्हे. बाबासाहेबांचा फोटो आपल्या भिंतीवर आहे. ही बरोबरी ताटातही यायला हवी.

तेव्हा येत्या रविवारी पीठ भिजवायचे काम मुलग्याकडे द्या, कापायची सुरी मुलीच्या हातात द्या, आणि सहाही जणांनी एकाच पंगतीला बसा. आईचा तुकडा सगळ्यांसमोर, सगळ्यांइतकाच पडू दे. जयभीम!