पाहुण्यांबरोबर कुत्रा आला तर



सुट्टीचे दिवस जवळ आले की मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा इथल्या आमच्यासारख्या घरगुती खानावळींत लगबग सुरू होते. मसाला कुटून आणायचा, कोकमं बघून ठेवायची, मासेवालीला आगाऊ सांगायचं. आता या तयारीत आणखी एका पाहुण्याची भर पडली आहे. मुंबई, पुणे, कोल्हापूरहून येणाऱ्या गाड्यांतून माणसांबरोबर त्यांचा कुत्राही उतरतो. त्याचं काय करायचं, यावर आज बोलूया. आमची एक चूकही सांगणार आहोत.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. दुपारी दीडची वेळ, पडवीत पानं वाढलेली. एक कुटुंब आलं, बरोबर मोठा केसाळ कुत्रा. आम्ही दारातच सांगितलं, “कुत्रा आत चालणार नाही हं.” ते बिचारे काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं हातपाय धुऊन जेवायला बसले. कुत्रा कुठे ठेवला, हे आम्ही विचारलंच नाही. सोलकढी वाढताना त्यांची लहान मुलगी म्हणाली, “काकू, आमच्या गाडीवर ऊन नाही ना आलं?” तेव्हा कळलं, कुत्रा बंद गाडीत होता.

धावत गेलो. जीभ बाहेर, तोंडातून दाट लाळ, उभं राहायला गेला की पाय लटपटत होते. त्याला माडांच्या सावलीत आणला, विहिरीचं पाणी पोटावर आणि पायांवर ओतत राहिलो, सुपानं वारा घातला. जरा सावरल्यावर ओल्या फडक्यावर निजवून, काचा उघड्या ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवला. वाचला बिचारा. पण आमचा ‘नाही’ एका मुक्या जिवावर बेतला असता, हे काही विसरता आलं नाही.

असं का होतं, ते समजून घेऊया. माणसाला अंगभर घाम येतो, कुत्र्याला तसा येत नाही. तो धापा टाकूनच अंग थंड करतो. उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी तापते, आणि पुढेही तापतच जाते. काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. बाहेर पस्तीस अंश असले तर आत किती होतील, हिशेब करा. आत हवाच गरम, मग धापा टाकून काय उपयोग? असा कुत्रा दिसला तर आधी सावली, मग साधं गार पाणी अंगावर आणि वारा. बर्फाचं पाणी नको. शुद्धीवर असेल तर प्यायला थोडं थोडं पाणी द्या. बरा वाटला तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आता तुम्ही म्हणाल, मग कुत्र्याला पंगतीत घ्यायचं का? तर नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याखालच्या २०११ च्या परवाना आणि नोंदणीच्या नियमांत स्वच्छतेचं परिशिष्ट आहे. प्राणी, पक्षी, पाळीव जनावरं खाद्यपदार्थांच्या व्यवसायाच्या जागेत येऊ देऊ नयेत, असं त्यात आहे. शिवाय शेजारच्या पानावर बसलेल्याला कुत्र्याची भीती असू शकते, किळसही असू शकते. माणगावच्या दत्तमंदिरात जाऊन दत्तापाशी उभ्या असलेल्या चार कुत्र्यांनाही आपण हात जोडतो, म्हणून सगळ्यांनाच जेवताना कुत्रा जवळ चालेल असं नाही.

म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. स्वयंपाकघर, कोठीची खोली, पडवी आणि वाढायची जागा कुत्र्याला बंद. पण अंगणापलीकडे, आंब्याखाली, त्याची जागा ठरवून टाकली. दिवसभर सावली राहील अशी जागा, बांधायला खुंटा, पाण्याचा वेगळा टोप आणि घरच्या माणसाला बसायला बाकडं. टोपाला लाल रंग लावला आहे, म्हणजे तो चुकून घासायच्या भांड्यांत येत नाही. पाहुण्यांना पडवीत अशा कडेला बसवतो की जेवताना कुत्रा नजरेसमोर राहील. तो एकटा राहत नसेल तर त्यांनी आळीपाळीनं जेवावं. आणि हो, आधी आपला घरचा कुत्रा मागच्या दारी बांधायचा. नाहीतर राखणदार आणि पाहुणा यांची जुंपलीच म्हणून समजा.

आता जेवणाचं. पाहुणे प्रेमानं म्हणतात, “काकू, यालाही थोडी कढी द्या.” इथे मात्र ठाम राहा. आपल्या वाटपात कांदा आणि लसूण असतो. ते कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवतात, मग ते कच्चे असोत, भाजलेले असोत की शिजवलेले. त्रास लगेच दिसतोच असं नाही, काही दिवसांनीही दिसतो. सोलकढीतही लसूण आणि मिरची असते. कोंबडीचं शिजलेलं हाड चावलं की त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात, त्या घशात किंवा आतड्यात रुततात. माशाच्या काट्याचंही तेच. तळलेले वडे पोटाला जड. शिऱ्यातला बेदाणा मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो. चॉकलेटही नको. आंब्याची कोय गिळली तर आतड्यात अडकते, म्हणून कोयी झाकणाच्या डब्यात टाका.

मग द्यायचं काय? साधा मऊ भात, आणि वाटप घालण्याआधी बाजूला काढून नुसत्या पाण्यात उकडलेला, हाड-काटा नसलेला कोंबडीचा किंवा सुरमईचा तुकडा. मीठ, तिखट, तेल काही नाही. उकडलेलं अंडंही चालतं. तेही मालकाला विचारूनच, कारण काहींना पथ्य असतं. करूळ, फोंडा किंवा आंबोलीचा घाट उतरून आलेल्या कुत्र्याला गाडी लागलेली असते. त्याला आधी पाणी, थोडी विश्रांती, मग जेवण.

एक गोष्ट विचारायला लाजू नका: रेबीजची लस दिली आहे का? चांगला मालक रागावत नाही, कार्ड काढून दाखवतो. मुलांना सांगून ठेवा, जेवणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर हात टाकायचा नाही. तरीही चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, आणि लशीचे सगळे डोस ठरल्या तारखांना पूर्ण करा. रेबीज एकदा अंगात दिसू लागला की औषध चालत नाही. म्हणून उद्यावर ढकलायचं नाही.

प्रवासाला निघणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. निघण्याआधी खानावळीला फोन करून विचारा. दुपारची गर्दी टाळून बाराच्या आत या. पट्टा, पाण्याचं भांडं आणि लशीचं कार्ड बरोबर ठेवा. घाण उचलायला पिशवी हवीच, कारण ते अंगण आम्हीच सकाळी शेणानं सारवलेलं असतं. किनाऱ्यावर फिरवताना वाळूत पडलेला मासा त्याला खाऊ देऊ नका. केंड नावाचा फुगणारा मासा विषारी असतो, त्यानं कुत्रा मरूही शकतो.

आता गाडी दारात थांबली आणि मागच्या काचेतून कुत्र्याचं तोंड दिसलं की आमच्या सासूबाई पाहुण्यांच्या आधी त्याच्याकडे बघतात. आम्हाला हाक येते, “गो, आदी तेका पाणी दी, मगे पानां वाढ.” पाटीवर लिहायला यापेक्षा चांगला नियम आम्हाला सुचलेला नाही.

तर मैत्रिणींनो, तुमच्या दारी कुत्रा आला तर ‘आत नको’ जरूर म्हणा. पण त्याच वाक्यात ‘इथे सावलीत बांधा’ हेही म्हणा.