कल का देखे क्या?

मलकापूर असो, खामगाव असो की मेहकर, आपल्या मोहल्ल्यांत एक प्रश्न वर्षानुवर्षे कानावर पडतो आहे : "कल का देखे क्या?" आधी टीव्ही होता, आता मोबाईल आहे. मालिकाही बदलल्या. प्रश्न मात्र तोच.

दूरदर्शनवर १९९३ मध्ये रामानंद सागर यांची 'अलिफ लैला' आली, पाठोपाठ १९९४ मध्ये 'चंद्रकांता'. पण आज तिशीत असलेल्यांना विचारा, ते आधी 'हातिम'चे नाव घेतील. २६ डिसेंबर २००३ ला स्टार प्लसवर ती सुरू झाली. राहिल आझम हातिम, किकू शारदा त्याचा सोबती होबो आणि निर्मल पांडे जादूगार दज्जाल. सात सवाल, आणि एकेका सवालासाठी नवी सफर. भाग आठवड्यातून एकदाच यायचा. ज्या घरी केबल, त्या घराच्या ओट्यावर त्या संध्याकाळी चपलांचा ढीग पडायचा.

त्यातच ते भारनियमनाचे दिवस. हातिमची तलवार वर गेली की नेमकी लाईट जायची, आणि अख्खी गल्ली एकदमच ओरडायची. मग दुसऱ्या दिवशी शोध सुरू, कोणाच्या नातेवाइकांकडे लाईट होती? तो पाहुणा मिळाला की त्याला मध्ये बसवून पूर्ण भाग ऐकायचा. सांगणारा पदरचेही घालायचा. एका राक्षसाचे तीन व्हायचे, होबोच्या तोंडी गल्लीतले विनोद यायचे. खरा भाग पाहिलेला दुसरा कोणी भेटला की वाद पेटायचा, आणि गंमत म्हणजे ऐकणाऱ्यांना बहुतेक वेळा पदरचेच जास्त आवडलेले असायचे.

असे सांगणे आणि ऐकणे आपल्याकडे जुने आहे. त्याला दास्तानगोई म्हणत. अमीर हमजाची दास्तान तोंडी सांगितली जात होती, अकबर बादशहाने ती चित्रांतून काढून घेतली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लखनौच्या नवल किशोर छापखान्याने तिचे जाडजूड खंड छापले. त्यातलाच 'तिलिस्म-ए-होशरुबा' १८८३ पासून निघू लागला. 'चंद्रकांता'मधले तिलिस्म आणि ऐयार हे शब्द याच दास्तानींचे. देवकीनंदन खत्री यांनी १८८८ मध्ये ते हिंदी कादंबरीत आणले आणि तिथून ते दूरदर्शनवर पोहोचले. तेव्हा ज्या दादी-नानी या मालिकांना "फिजूल" म्हणत उठून जायच्या आणि दाराआडून बघत राहायच्या, त्यांच्या कानांना यातले काहीच नवे नव्हते.

दादींचा खरा आक्षेप वेगळा होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दज्जाल हे नाव आपल्या घरात हदीसमधून येते, कयामतीच्या आधीच्या मोठ्या फितन्याचे नाव म्हणून. मालिकेने ते एका काळ्या झग्यातल्या जादूगाराला दिले. मुलांनी ते आधी टीव्हीवर ऐकले, मकतबात नंतर. मग उस्ताद दज्जालविषयी सांगू लागले की मागच्या रांगेतून "हातिमने मारला त्याला!" असे उत्तर येणारच. जिन्नांचेही तेच. कुरआनात सूरह जिन्न आहे. मुलांच्या डोळ्यांपुढे मात्र चिरागातून धूर होऊन निघणारा आणि "क्या हुक्म है मेरे आका" विचारणारा नोकर. आणि अलादीनची गोष्ट तर अलिफ लैलाच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीच. हलबच्या हन्ना दियाब नावाच्या माणसाने ती पॅरिसमध्ये १७०९ च्या सुमारास गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला सांगितली. हे मुलांना सांगून पाहा, त्यांना मजा वाटते. टीव्ही बंद केल्याने जे होत नाही, ते अशा एका माहितीने होते.

एर्तुग्रुलच्या बाबतीत गोष्ट अवघड झाली, कारण तिथे जादू नाही. ही तुर्की मालिका डिसेंबर २०१४ ते मे २०१९ अशी पाच पर्वे चालली. उर्दू आवाजात ती आली २०२० च्या रमजानमध्ये. मशिदी बंद, तरावीह घरात, आणि रात्री मोबाईल भिंतीला टेकवून सारे घर काई कबिल्यात. सेहरीपर्यंत चर्चा : हलीमाने असे करायला नको होते, तो गद्दार आधीच ओळखू यायला हवा होता. जिन्न दिसला की मूल ओळखते, ही गोष्ट आहे. इथे मात्र तलवार, घोडा, तंबू, नमाज सगळे ओळखीचे, म्हणून सगळेच खरे वाटते. प्रत्यक्षात एर्तुग्रुलविषयी पक्की माहिती फार थोडी आहे. मुलगा उस्मान याच्या एका नाण्यावर बापाचे नाव म्हणून एर्तुग्रुल येते. बाकीचे बहुतेक पुढच्या शतकांत लिहिलेल्या कथांतून आलेले. इब्न अरबी १२४० मध्ये दमास्कसला वारले हे इतिहासात आहे, पण एर्तुग्रुलच्या तंबूत त्यांनी दिलेल्या नसीहती लेखकाच्या आहेत. छान लिहिल्या आहेत, पण लेखकाच्या.

मला खटकते ते दुसरेच. काई कबिल्यातली नावे तोंडपाठ असलेल्या पोरांना सिंदखेडराजा तालुक्यातले साखरखेर्डा विचारा. तिथे ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिज खान यांची लढाई झाली. मुबारिज खान मारला गेला, दख्खन निजामाच्या हाती आले आणि जिंकल्याची खूण म्हणून गावाला फतेहखेर्डा नाव मिळाले. हैदराबाद राज्याची सुरुवात आपल्या जिल्ह्यातल्या एका रानात झाली. त्यावर मालिका नाही, म्हणून तो आपला नाही असे थोडेच आहे?

हातिमचेही तसेच. सात सवाल ही दास्तान आहे, पण ताई कबिल्याचा हातिम हा अरबस्तानातला खरा, औदार्यासाठी प्रसिद्ध कवी. इस्लामच्या आधी तो वारला. सीरतच्या ग्रंथांत येते की त्याची मुलगी सफ्फाना कैदी म्हणून मदीनेत आणली गेली. तिने बापाची ओळख सांगितली तेव्हा हजरत मुहम्मद (स.) यांनी तिला मानाने मुक्त केले. पुढे तिच्या सांगण्यावरून भाऊ अदी मदीनेला आला आणि मुसलमान झाला.

हे सांगितले तेव्हा सहावीतली एक भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "खाला, सफ्फाना एवढी हिंमतवाली होती, तर हातिमच्या सीरियलमध्ये तिला का नाही घेतले?"