दांड्याची दोन कामं

जुन्या महिंद्रा सीजे-३बी जीपचं स्टिअरिंग उतरवलं की त्यातला धोका उघडा पडतो. बॉक्स पुढे चेसिसला आवळलेला आणि तिथून थेट चालकाच्या छातीसमोर येणारा सरळ पोलादी दांडा. समोरून जोरात धडक बसून बॉक्स मागे सरकला, की दांडाही चाकासकट मागे येणार. हे ओळखूनच जनरल मोटर्सनं अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलांना धडकेत आखडणारा कॉलम दिला. तिथल्या नियमानुसार ताशी ४८ किलोमीटर वेगानं भिंतीवर आदळल्यावरही कॉलम १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त मागे येता कामा नये.

म्हणजे दांड्याला दोन कामं. रोज वळताना तसूभरही सुटायचं नाही आणि धडकेत मात्र मोडून जायचं. जीपला पॉवर स्टिअरिंग बसवताना पहिलं काम सगळेच बघतात, दुसरं राहून जातं.

मी ज्या गॅरेजात हे काम जवळून पाहिलं, तिथल्या मिस्त्रींनी दोन क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, घालून दांड्याला मुद्दाम बाक दिला, धडकेत तो तिथे दुमडावा म्हणून. मधल्या दांड्याचे दोन्ही काटे एका रेषेत जुळवले, नाहीतर चाक मधेच जड, मधेच हलकं लागतं. वेल्डिंगचा टाका कुठेच नाही. दातेरी टोकावर क्लॅम्प, त्याचा बोल्ट दांड्याच्या खाचेतून गेलेला. तो थोडा ढिला झाला तरी जोड निसटत नाही.

वरचा आखडणारा कॉलम नव्या गाडीतला होता. अशा बऱ्याच कॉलमांत प्लास्टिकच्या बारीक खिळ्या असतात. धडकेत त्या तुटतात आणि एक नळी दुसरीत शिरते. चाक निघत नाही म्हणून टोकावर हातोडा घातला, तर त्या गॅरेजातच तुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. इथे चाक पुलरनंच काढलं. डॅशबोर्डखालचा ब्रॅकेटही धडकेत सुटण्यासाठीच बनवलेला असतो. मजबुतीच्या नावाखाली तो वेल्ड केला, की महागड्या कॉलमचा पुन्हा भाला होतो.

शेवटी इंजिन चालू ठेवून चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवलं. इंजिन रबरांवर हलतं, त्यामुळे दांडा आणि इंजिन यांच्यात बंद गाडीत दिसणाऱ्या फटीवर विसंबता येत नाही.

रंग आणि टायर ठरवण्याआधी जीपवाल्यांनी मिस्त्रींना विचारावं, धडकेत हा दांडा कुठे दुमडणार? त्यांना ती जागा बोट ठेवून दाखवता आली पाहिजे.