उलंगवाडीनंतरचा समुद्र

यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनच्या काळ्या रानात फेब्रुवारीच्या सुमारास कापसाची उलंगवाडी होते. शेवटचा वेचा घरी येतो, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर पडतात आणि पुढच्या पेरणीपर्यंत शेतातली घाई थोडी ओसरते. मार्चअखेर ऊन चटके देऊ लागते, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. घरच्यांना चार दिवस बाहेर न्यायचे तर उलंगवाडी ते होळी एवढाच बरा काळ हाती असतो. मनात समुद्र असला की ठरलेला आराखडा पुढे येतो: पाच दिवसांत गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली, गोवा, रोज नवा मुक्काम, रोज बॅगा बांधायच्या. यात पाहणे भरपूर होते, पण वर्षभर राबलेल्या शरीराला जे हवे असते ते मिळत नाही. विसावा हवा असेल तर एकच लहान किनारी गाव निवडावे आणि तिथे चार-पाच रात्री राहावे. गावही असे निवडावे, की पर्यटक आला नाही तरी तिथली कामे ठरल्या वेळी सुरू होतात. माणूस निवांत होतो तो समुद्रामुळे कमी, आणि आपल्यासाठी न थांबणाऱ्या त्या गावाच्या चालीमुळे अधिक.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले वेळास हे असे गाव. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरे, जवळच बाणकोटचा किल्ला. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने 2002 साली इथे समुद्री कासवांची अंडी वाचवण्याचे काम हाती घेतले आणि 2006 पासून गावकऱ्यांच्या साथीने कासव महोत्सव सुरू झाला. ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या महिन्यांत रात्री वाळूत चढते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत पाण्यात जाते. पूर्वी ही अंडी माणसे, कोल्हे आणि कुत्री नेत. आता पहाटे किनारा चालणारे कासवमित्र वाळूवरचा माग ओळखतात, अंडी हलक्या हाताने काढतात आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर येतात. घरट्यावर टोपली उपडी घातलेली असते. सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. पिल्ले असली तर ती वाळूवर सोडतात आणि ती आपल्या पायांनी लाटेत शिरतात. नसली तर जमलेले लोक घरी परततात. कुणाच्या हट्टाने अंडे आधी फुटत नाही. पाहुणे राहतात ते गावकऱ्यांच्याच घरी. जेवायला भात, आमटी, सोलकढी आणि जमले तर उकडीचे मोदक. दिवसाला दोन वेळा किनाऱ्यावर जायचे, मधला वेळ मोकळा. आमची कापसाची सवड आणि तिथली पिल्ले निघण्याची वेळ नेमकी एकाच हंगामात येते, हा योग साधावा असाच आहे.

याच जातीचे कासव मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरही येते. ओआहाका राज्यातले मझुन्ते हे गाव एकेकाळी कासवांच्या कत्तलीवर जगत होते. 1990 साली सरकारने कासव मारण्यावर बंदी घातली आणि गावाची रोजीरोटी गेली. पुढे तिथे कासव केंद्र उभे राहिले, गावकऱ्यांनी राहण्या-जेवणाची छोटी सोय सुरू केली. त्याच देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर कानकून आहे: जवळजवळ ओसाड वाळूच्या पट्ट्यावर सरकारने 1970च्या दशकात आखून वसवलेले पर्यटननगर. कानकूनने असंख्य हातांना काम दिले, ते नाकारण्याचे कारण नाही. पण 2005च्या विल्मा वादळाने तिथली पुळण वाहून गेली, तेव्हा समुद्रतळातली वाळू उपसून किनाऱ्यावर भरावी लागली. किनारा हाच ज्याचा एकमेव धंदा, त्याला शांत बसणे परवडत नाही, आणि ती धावपळ पाहुण्यापर्यंत पोहोचतेच.

यावर रास्त आक्षेप असा की शांत गावाचे नाव छापले की ते शांत राहत नाही. मझुन्तेतही वर्दळ वाढली, वेळासलाही हंगामातल्या शनिवार-रविवारी गर्दी होते. म्हणून गावाने घरांत मावतील तेवढेच पाहुणे घ्यावेत. आपणही आधी फोन करून, शक्यतो मंगळवार-बुधवार पाहून जावे; नोकरदाराला नसलेली ही मोकळीक शेतकऱ्याला असते. दुसरा आक्षेप मुलांचा: चार दिवस करायचे काय? पहिला दिवस जड जातो हे खरे. पण भरती-ओहोटीच्या वेळा कळू लागल्या, वाडीत सुपारी कशी सोलतात ते पाहायला मिळाले, की मुलेच घरच्यांना किनाऱ्याकडे ओढू लागतात. एक धोका मात्र हलका घेऊ नये. अशा किनाऱ्यांवर जीवरक्षक असेलच असे नाही, आणि विहिरीत पोहणाऱ्यालाही ओहोटीचे पाणी आत ओढते. यजमान सांगेल तिथेच आणि तेव्हाच, गुडघाभर पाण्यात उतरावे.

सर्वांत वजनदार आक्षेप अंतराचा आहे. जवळच्या वणीहून नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबईकडे, तिथून कोकण रेल्वेने खेड, पुढे एसटीने मंडणगड. जाण्या-येण्यातच तीन-चार दिवस जातात. ज्याच्याकडे आठवडाभर सवड नाही त्याने वेळासचा हट्ट धरू नये. नकाशात सरळ रेषेत मोजले तर मुकुटबनला अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ आहे. बल्लारशाहहून विजयवाड्यामार्गे गाडी आंध्रातल्या चिराल्याला नेते. चिराला हे हातमागाचे गाव, आणि तिथून थोड्याच अंतरावर वाडरेवूचा मच्छीमारांचा किनारा. वेळासची कौलारू घरे आणि कासवमित्र तिथे मिळणार नाहीत, जेवण तिखट असेल, फेब्रुवारीनंतर घामही येईल. पण तेलंगणाच्या सीमेवर राहिल्याने मुकुटबनच्या अनेक घरांत तेलुगू बोलली किंवा निदान समजली जाते. होड्या किती वाजता परततात आणि आज कोणती मासळी आली, हे तिथल्या माणसाला त्याच्याच भाषेत विचारता येईल.