एक खोली, एक दस्तरखान : हज यात्रेतील एकत्र मुक्काम

भारतीय हज समितीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूचा सौदी अरेबियातला नेहमीचा मुक्काम सुमारे 40 दिवसांचा असतो. हजचे मुख्य विधी मात्र जिलहज महिन्याच्या 8 तारखेला सुरू होतात आणि 12 किंवा 13 तारखेला संपतात. बाकीचे दिवस नमाज, तवाफ, विश्रांती आणि खाण्यापिण्यात जातात, आणि तेही बहुधा आधी कधी न भेटलेल्या माणसांबरोबर एकाच खोलीत. यात्रेची तयारी करताना दुआ पाठ होतात, इहरामची वस्त्रे घेतली जातात. खोलीत कसे राहायचे आणि काय खायचे याचा विचार मात्र राहून जातो.

खरे तर हा विचार हजच्या बाहेरचा नाही. कुराणातील सूरा अल-बकराच्या 197व्या आयतीत हजच्या काळात भांडणतंटा करण्यास स्पष्ट मनाई आहे, आणि त्याच आयतीत शिदोरी बरोबर घेण्याचाही आदेश आहे. येमेनहून काही लोक अल्लाहवर भरवसा ठेवल्याचे सांगत रिकाम्या हाताने हजला येत आणि मक्केत पोहोचल्यावर लोकांपुढे हात पसरत. त्या संदर्भात हा आदेश आला, असे हदीसमध्ये आहे. भांडण टाळणे आणि जेवणाची सोय नीट पाहणे या दोन गोष्टी एकाच आयतीत याव्यात, हे सामायिक खोलीत राहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मक्केत बहुतेक भारतीय यात्रेकरूंची सोय अजीजिया भागात होते. हा भाग हरमपासून, म्हणजे काबा असलेल्या मशिदीपासून, काही किलोमीटर दूर आहे आणि ये-जा बसने करावी लागते. एका अर्जावर, म्हणजे एका कव्हरवर, पाच जणांपर्यंत जाता येते. त्यामुळे ज्यांच्याशी स्वभाव जुळतो अशांनी एकत्र अर्ज करणे हीच चांगल्या शेजाराची पहिली पायरी ठरते. 2025 च्या हजपासून हज समितीच्या निवासात स्त्रिया आणि पुरुष यांच्या खोल्या वेगळ्या ठेवण्याचे धोरण आहे. ते दांपत्यांनाही लागू असल्याने नवराबायकोचे सामान एकाच बॅगेत भरू नये. रक्तदाबाच्या गोळ्या एका खोलीत आणि गोळ्या घेणारा दुसऱ्या खोलीत, अशी वेळ मध्यरात्री फार महागात पडते. औषधे, कागदपत्रांच्या प्रती आणि थोडे रियाल प्रत्येकाजवळ स्वतंत्र हवेत.

पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील यात्रेकरूंसाठी निजामाच्या वक्फचे रुबात, म्हणजे यात्रेकरूंचे विश्रामगृह, मक्केत आहे. तिथे मोफत राहण्यासाठी सोडत निघते. मराठवाडा त्या संस्थानात होता, त्यामुळे तिथल्या यात्रेकरूंनी याची चौकशी जरूर करावी.

खोलीतले खटके ठरलेल्या गोष्टींवरूनच उडतात : एसी, दिवा, मोबाइलचा आवाज आणि न्हाणीघर. पहिल्याच दिवशी सर्वांनी बसून या गोष्टी ठरवून घ्याव्यात. फजरच्या आधी न्हाणीघराला रांग लागते. आंघोळ रात्री उरकून ठेवली तर पहाटे फक्त वुजू उरतो आणि वृद्धांना आधी जाऊ देता येते. इहराममध्ये असलेल्याला सुगंध वर्ज्य असतो. सामायिक न्हाणीघरातला वासाचा साबण त्याच्या हाती चुकून लागतो, म्हणून बिनवासाचा साबण वेगळ्या डबीत ठेवावा. खोकला लागलेल्याने मास्क लावावा. गर्दीतल्या संसर्गाची भीती खरी आहे, म्हणूनच मेंदूज्वराची लस हजयात्रेकरूंना सक्तीची आहे.

जेवणाबाबत सर्वांत गंभीर इशारा घरच्या मसाल्याचा आहे. सौदी अरेबियात खसखस अमली पदार्थांत मोडते आणि ती जवळ सापडल्यास कायदेशीर कारवाई होऊ शकते. महाराष्ट्रातल्या मालवणी, गोडा आणि कांदा-लसूण मसाल्यांत ती अनेकदा असते. आईने किंवा सुनेने प्रेमाने बांधून दिलेली पुडीसुद्धा खात्री केल्याशिवाय नेऊ नये. मसाला खसखस न घालता वेगळा कुटून घ्यावा.

खोलीवर स्वयंपाक करता येईल का, याचे नियम बदलत असतात. प्रशिक्षण शिबिरात त्या वर्षीचा नियम विचारावा आणि तो पाळावा. यामागे कटू अनुभव आहे. एप्रिल 1997 मध्ये मिनाच्या, म्हणजे हजच्या मुख्य दिवसांत यात्रेकरू राहतात त्या मक्केजवळच्या छावणीच्या, तंबूंना लागलेल्या आगीत तीनशेहून अधिक यात्रेकरू दगावले. स्वयंपाकाच्या गॅसमुळे ती आग भडकल्याचे मानले जाते. त्यानंतर तिथे आगीला दाद न देणारे तंबू उभारले गेले. मदीनेत मस्जिद-ए-नबवीजवळच्या निवासात चूल मांडण्याचा प्रश्नच येत नाही; तिथे खाणावळीवरच भागवावे लागते.

चार-पाच जणांनी मिळून जेवण आणणे स्वस्त पडते. सौदी खाणावळीतला भाताचा वाढा मोठा असतो. एका थाळीत दोघांचे सहज भागते. तमीस रोटी आणि फूल, म्हणजे बाकळ्याची उसळ, हा पोटभरीचा स्वस्त नाश्ता आहे. सोबतीला दही, ताक आणि खजूर सगळीकडे मिळतात. सामायिक पैसे एकाकडे द्यावेत आणि खर्च रोज वहीत लिहावा. मधुमेही किंवा कमी तिखट खाणारा सोबत असेल तर त्याचे जेवण वेगळे आणावे. त्याला सर्वांच्या चवीशी जुळवून घ्यायला लावणे अन्याय आहे. उरलेले अन्न उन्हाळ्यात काही तासांतच बिघडते, म्हणून लागेल तेवढेच आणावे. रस्त्यात मोफत वाटली जाणारी पाकिटे पुण्याच्या भावनेने साठवून ठेवली तर जुलाबाला निमंत्रण मिळते. हजच्या तोंडावर अजीजियाच्या बस काही दिवस बंद राहतात आणि खाणावळींत गर्दी उसळते, तेव्हा सुके खाद्य आणि पाणी आधीच भरून ठेवावे.

मिनामध्ये खोलीची ऐसपैस जागा संपते. प्रत्येकाच्या वाट्याला अंग टाकण्यापुरती गादी येते आणि स्वच्छतागृहापुढे लांब रांग लागते. तिथे एक छोटी पिशवीच न्यावी. जेवण तंबूतच मिळते. ते हलके घ्यावे, पण पाण्यात कसूर करू नये. 2024 च्या हजमध्ये पारा 51 अंशांपुढे गेला आणि 1300 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अधिकृत परवान्याशिवाय आलेले, म्हणजे थंड तंबूंचा हक्क नसलेले, बहुसंख्य होते. स्वस्तात हज घडवतो म्हणणाऱ्या दलालाच्या नादी लागून परवान्याशिवाय जाणे म्हणूनच जिवावर बेतते. भर दुपारी तंबूतच थांबावे आणि मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटे जवळ ठेवावीत. मुजदलिफाच्या मैदानातली रात्र उघड्यावर काढायची असते. चटई, पाणी आणि मूठभर खजूर एवढे पुरते. इहराममधल्या पुरुषांनी झोपेतही चादर डोक्यावरून ओढू नये.

परतीच्या आधी सोबत्यांचा हिशेब पूर्ण मिटवावा, कारण माणसाचे माणसाला असलेले देणे इस्लाममध्ये हजनेही आपोआप फिटत नाही. उरलेले कोरडे धान्य इमारतीत मागे राहणाऱ्यांना द्यावे. प्रत्येक हाजीला 5 लिटर जमजम परतल्यावर मिळते, तेव्हा सामानात बाटल्या कोंबून वजन वाढवू नये.