पहिल्या आकृतीची प्रतीक्षा

२०२२ सालच्या हिवाळ्यात आमच्या भरवेलीच्या काही मुलांना घेऊन मी एका विज्ञान प्रदर्शनाला गेलो होतो. नववीतल्या एका मुलीने वैनगंगेच्या खोऱ्यातील पावसाचे आकडे जमवून त्यांचा आलेख काढणारा प्रोग्रॅम तयार केला होता. दिवाळीच्या सुटीत गोंदियाला मामाकडे राहून, ज्युलिया नावाच्या संगणकभाषेत तिने तो लिहिला. मामाच्या संगणकावर तो उत्तम चाले. प्रदर्शनात आम्ही शाळेचा जुना संगणक नेला होता. परीक्षक आले, मुलीने आज्ञा दिली, आणि पडदा कोराच राहिला. मिनिटभराने हालचाल झाली ती इतकीच, की लाल अक्षरांत कसलीशी चूक उमटली. परीक्षक सज्जन होते. "असू दे बाळ, पुन्हा केव्हा तरी पाहू," असे म्हणून ते पुढच्या टेबलाकडे वळले. मुलगी रडली नाही. तिने एवढेच विचारले, "सर, माझं काय चुकलं?"

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. पुढे वाचून, विचारून जे समजले ते आज आपणांस सांगावे असा हेतू आहे. तिचे काही चुकले नव्हते. तिच्या वाटेत दोन अडचणी होत्या. एक भाषेच्या वेगाची आणि दुसरी भाषेबरोबर लागणाऱ्या सामानाच्या व्यवस्थेची. जगातील पुष्कळ जाणती माणसे या दोन अडचणींमागे वर्षानुवर्षे लागलेली आहेत, आणि त्यांच्या खटपटीचा सर्वांत मोठा लाभ, माझ्या मते, आपल्यासारख्या आडगावच्या शाळांना आहे.

प्रथम वेगाचे पाहू. संगणकाला मनुष्याची भाषा कळत नाही. त्याला स्वतःची आकड्यांची यंत्रभाषा तेवढी समजते. म्हणून आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमचे भाषांतर करावे लागते. ते दोन प्रकारांनी होते. दुभाष्या शेजारी उभा राहून प्रत्येक वाक्य त्या त्या वेळी समजावून देतो. तेच वाक्य हजार वेळा आले, तर तो हजार वेळा समजावतो. दुसरा प्रकार ग्रंथाच्या भाषांतरकाराचा. तो आधी सबंध ग्रंथ उतरवून देतो. वेळ लागतो, पण पुढे वाचन झरझर होते. या भाषांतरकारालाच कंपायलर म्हणतात. शाळांतून हल्ली शिकवली जाणारी पायथन ही भाषा मुख्यतः दुभाष्याच्या पद्धतीची; लिहायला सोपी, चालीला मंद. सी आणि फोरट्रान या भाषा भाषांतरकाराच्या पद्धतीच्या. लिहायला अवघड, चालीला चपळ.

यामुळे शास्त्रज्ञांची एक विलक्षण कुचंबणा होत असे. कल्पना सुचली की ती सोप्या भाषेत लिहून पाहावयाची, आणि ती खरी ठरली की वेगासाठी तोच प्रोग्रॅम अवघड भाषेत पुन्हा लिहावयाचा. आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना हे चटकन उमगेल. गोंदियापर्यंत नागपूर-हावडा मार्गाचे रूळ रुंद, आणि तेथून बालाघाट, नैनपूरवरून जबलपूरला जाणारे रूळ अवघे अडीच फूट रुंदीचे. त्यामुळे एका गाडीचा माल गोंदियाला उतरवून दुसऱ्या वाघिणींत भरावा लागे. गाड्या दोन्हीकडच्या चांगल्याच होत्या. वेळ जाई तो या चढउतारीत. २०१५ साली बालाघाटपुढचा अरुंद मार्ग रुंदीकरणासाठी बंद झाला आणि आता रुंद रूळ थेट जबलपूरपर्यंत गेले आहेत. संगणकाच्या जगातही कोणी तरी असेच रूळ एक करावयास हवे होते.

ते काम २००९ साली चौघांनी आरंभिले. जेफ बेझनसन, स्टीफन कारपिन्स्की, ॲलन एडलमन आणि आपल्या मुंबई विद्यापीठातून संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुढे कॅलिफोर्नियात सांता बार्बरा येथे पीएच.डी. झालेले विरल शहा. १४ फेब्रुवारी २०१२ रोजी त्यांनी ज्युलिया भाषा जगापुढे ठेवली. लिहिण्यास पायथनसारखी सुगम आणि चालण्यास सीसारखी वेगवान, अशी एकच भाषा असावी, ही त्यांची प्रतिज्ञा. २०१९ साली बेझनसन, कारपिन्स्की आणि शहा या तिघांना गणिती प्रोग्रॅमांसाठी दिले जाणारे विल्किन्सन पारितोषिक मिळाले.

हा वेग येतो कोठून? आपल्या मराठीतील एका क्रियापदाचे उदाहरण घेऊ. 'काढणे'. आपण विहिरीतून पाणी काढतो, कागदावर चित्र काढतो, आणि कठीण काळात दिवसही काढतो. शब्द एक, पण कृती कोणती ती सोबतच्या नामावरून ठरते. ज्युलियात नेमके हेच तत्त्व आहे. 'बेरीज कर' ही आज्ञा पूर्णांकांना लावली की एक रीत, दशांशांना लावली की दुसरी, कोष्टकांना लावली की तिसरी. दुभाष्याच्या पद्धतीत प्रत्येक बेरजेच्या वेळी "हे काय आहे? आणि हे काय आहे?" असे विचारावे लागते. ज्युलियाचा कंपायलर ती चौकशी पहिल्या वेळी करतो, त्या प्रकारच्या आकड्यांसाठी नेटकी यंत्रभाषा तयार करतो, आणि पुढच्या लक्षावधी वेळा चौकशीवाचून काम चालते. २०१७ साली अमेरिकेतील 'कोरी' नावाच्या महासंगणकावर या भाषेत लिहिलेल्या 'सेलेस्ट' प्रोग्रॅमने १८ कोटी ८० लाख तारे आणि दीर्घिका यांची मोजदाद पंधरा मिनिटांच्या आत केली.

मग आमच्या मुलीचा पडदा मिनिटभर कोरा का राहिला? कारण या युक्तीची किंमत पहिल्याच वेळी मोजावी लागते. भाषांतर अगोदर झालेले नसते. आज्ञा दिल्यावर ते सुरू होते. महासंगणकावर तासन् तास चालणाऱ्या कामात हा विलंब कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण ज्याला एकच आलेख काढावयाचा आहे त्याच्या दृष्टीने तो विलंब म्हणजेच सारा खेळ. या भाषेच्या जाणकारांनी या दुखण्याला नावच पाडले होते, 'पहिल्या आकृतीपर्यंतचा वेळ'. दहाव्या आकृतीला क्षणही लागत नसे. पहिलीची मात्र वाट पाहावी लागे. आणि संगणक जितका जुना, तितकी वाट लांब. याचा अर्थ असा की ज्याच्यापाशी साधने कमी, त्यालाच हा दंड अधिक.

या भाषेच्या कर्त्यांनी दुखणे लपवले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. टिम होली हे मेंदूविज्ञानाचे संशोधक. ते आणि बेझनसन यांनी वेळ कोठे जातो याचा शोध घेतला. असे आढळले की पुष्कळ भाषांतर होऊनही वाया जात होते. शाळेचे उदाहरण द्यावयाचे तर, वेळापत्रक बसवून झाल्यावर एक नवे शिक्षक रुजू होतात आणि अर्धे वेळापत्रक पुन्हा आखावे लागते. तद्वत नवे पॅकेज आले, त्याने एखाद्या आज्ञेला नवा अर्थ दिला, की त्या आज्ञेवर विसंबून केलेले जुने भाषांतर रद्द ठरे. अशी अनाठायी रद्दबातल कमी करण्यात आली. मार्च २०२१ मधील १.६ या आवृत्तीत अनेक पॅकेजांची पूर्वतयारी एकाच वेळी समांतर होऊ लागली. तरीही जपून ठेवले जाई ते अर्धेमुर्धे भाषांतर. अखेरची यंत्रभाषा प्रत्येक वेळी नव्याने करावी लागे. मे २०२३ मधील १.९ या आवृत्तीपासून ही तयार यंत्रभाषासुद्धा डिस्कवर साठवता येऊ लागली. आदल्या रात्री मसाला वाटून ठेवावा आणि सकाळी फक्त फोडणी द्यावी, तसे हे झाले. अर्थात फुकट काहीच नसते. पॅकेज बसवतेवेळी आता अधिक वेळ लागतो आणि डिस्कवर जागाही अधिक लागते. पण वाट पाहणे परीक्षकासमोर होण्याऐवजी आदल्या दिवशी वर्गात होते, हा फरक लहान नव्हे.

आता दुसरी अडचण, म्हणजे ती लाल अक्षरे. कोणताही प्रोग्रॅम हल्ली एकट्याने उभा राहत नाही. आलेख काढणे, तारखा वाचणे, कोष्टके जुळवणे यांसाठी इतरांनी लिहिलेले तयार भाग घ्यावे लागतात. त्यांना पॅकेज म्हणतात. ज्युलियाच्या सर्वसाधारण नोंदवहीत अशी दहा हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. प्रत्येक पॅकेज आणखी काही पॅकेजांवर विसंबून असते, आणि त्यांच्या आवृत्त्या सतत बदलत असतात. आवृत्तीवर तीन आकडे असतात. शेवटचा बदलला तर केवळ दुरुस्ती झाली असे समजावे, मधला बदलला तर नवी भर पडली, आणि पहिला बदलला तर सावध व्हावे, कारण जुनी रीत मोडली असण्याचा संभव आहे. मामाच्या संगणकावर आलेखाच्या पॅकेजाची नवी आवृत्ती होती, शाळेच्या संगणकावर जुनी. एका आज्ञेचे नाव दोहोंत वेगळे होते. एवढ्यावर सारे अडले.

ही गोष्ट केवळ मुलांच्या बाबतीत घडते असे नाही. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्ट भाषेच्या सामाईक भांडारातून एका लेखकाने रागाने आपले 'लेफ्ट-पॅड' नावाचे पॅकेज काढून घेतले. ते अवघ्या अकरा ओळींचे होते. पण असंख्य प्रोग्रॅम त्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष विसंबलेले निघाले, आणि जगभरच्या मोठमोठ्या कामांची जुळणी काही तास अडून बसली.

यावर उपाय आहे तो आमच्या खाणीच्या फाटकावरचाच. भरवेलीची मँगनीजची खाण आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींत गणली जाते. पाळीला कोण खाली उतरला, त्याच्यापाशी कोणता दिवा आहे, याची नोंद वर ठेवलेली असते. माणूस वर येईपर्यंत ती नोंद हलत नाही. "खाली बरीच माणसे असतील" असे मोघम उत्तर तेथे चालत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ज्युलियाची १.० ही आवृत्ती आली, तिच्याबरोबर पॅकेजांची नवी व्यवस्था आली, आणि तिचा कणा म्हणजे अशीच नोंद होय. प्रत्येक कामाच्या दप्तरात दोन लहान फायली असतात. पहिलीत 'मला अमुक पॅकेजे हवीत' अशी मागणी. दुसरीत प्रत्यक्षात कोणती आवृत्ती बसवली, ती पॅकेजे आणखी कोणावर विसंबून आहेत, आणि मजकुराची ओळख पटवणारी खूण, अशी सविस्तर हजेरी. दोन पॅकेजांची नावे सारखी निघाली तरी घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येकास स्वतंत्र क्रमांक असतो. वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असल्या की आपण हजेरीक्रमांकाने ओळखतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय २०२० मधील १.५ या आवृत्तीपासून पॅकेजे थेट लेखकांच्या घरून न आणता जगाच्या निरनिराळ्या भागांत ठेवलेल्या सामाईक कोठारांतून आणली जाऊ लागली. एखाद्याने रुसून आपले दुकान बंद केले तरी कोठारातला माल उरतो.

आमच्या मुलीने प्रोग्रॅमची फाईल पेनड्राइव्हवर आणली होती; या दोन फायली मामाकडेच राहिल्या. त्या आणावयास हव्यात हे तिला कोणी सांगितले नव्हते. सांगावयाचे काम माझे होते, आणि मलाच ते ठाऊक नव्हते. म्हणून म्हणतो, चूक तिची नव्हती.

पुढे १.९ आवृत्ती आल्यावर आम्ही दोघांनी ते काम पुन्हा मांडले. गोंदियाहून दोन्ही फायली मागवल्या. शाळेत इंटरनेट बरे चालते अशी एक दुपार पाहून, हजेरीत लिहिलेल्याच आवृत्त्या उतरवून घेतल्या. पूर्वतयारीला बराच वेळ लागला. तोवर मुले खेळून आली. मग आज्ञा दिली. ज्या संगणकावर मिनिटभर काही दिसले नव्हते, त्याच संगणकावर पावसाचा आलेख काही क्षणांत उभा राहिला. मुलगी काही बोलली नाही. तिने तो बंद केला आणि पुन्हा चालवून पाहिला, खात्री करून घेण्यासाठी.

असेच प्रयत्न इतर भाषांतही चालू आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेली पायथनची ३.११ ही आवृत्ती आधीच्या आवृत्तीपेक्षा सरासरीने सव्वापट वेगवान असल्याचे तिच्या कर्त्यांनी मोजून सांगितले. अशा बातम्या वाचताना आपल्याला वाटते, हे मोठ्या शहरांतील मोठ्या यंत्रांचे प्रश्न. आपणांस काय त्याचे? वस्तुतः उलट आहे. श्रीमंताला मंद भाषेवर उपाय सोपा. तो नवा संगणक घेतो. ज्याला तो घेता येत नाही, त्याच्यासाठी भाषेचा वेग वाढणे म्हणजे जुन्याच यंत्राचे आयुष्य वाढणे होय. आणि ज्याच्या शेजारी विचारावयास कोणी जाणकार नाही, त्याच्यासाठी नीट लिहिलेली हजेरीच जाणकाराचे काम करते.

ती मुलगी आता शाळा सोडून पुढच्या शिक्षणास गेली आहे. तिच्या कामाचे दप्तर शाळेच्या संगणकावर आहे, दोन्ही फायलींसह. यंदा आठवीतल्या दोन मुलांनी त्यात नव्या वर्षाचे आकडे भरले. त्यांना तिचे नाव ठाऊक नाही, पण तिचा प्रोग्रॅम त्यांच्या हाती चालतो. शिक्षकाला याहून अधिक काय हवे?